पेस जुळत नाही, ऑन-ऑफ जुळत नाही: बास्केटबॉल संघाच्या आकडेवारीतली नेहमीची गडबड कुठे शोधायची

शीट तयार आहे, सूत्रं पाठ आहेत, तरी दर दोन-चार सामन्यांनी काहीतरी फिसकटतं. संघाचा पेस, म्हणजे खेळाचा वेग, प्रसिद्ध आकड्यापेक्षा दोनने जास्त येतो. एखाद्या बदली खेळाडूचा प्लस-मायनस (तो कोर्टवर असतानाचा संघाचा गुणफरक) बॉक्स स्कोअरपेक्षा, म्हणजे सामन्याच्या अधिकृत तक्त्यापेक्षा, तीनने वेगळा निघतो. स्टार खेळाडूचा ऑन-ऑफ (तो कोर्टवर असताना आणि नसताना संघाच्या कामगिरीतला फरक) गेल्या आठवड्यात +११ होता, आज +४. अशा वेळी पहिला संशय सूत्रावर जातो आणि संध्याकाळ तिथेच वाया जाते. सूत्र क्वचितच चुकतं. घोळ त्याच्या आधीचा असतो: कशाला पझेशन (चेंडू एका संघाकडे असण्याची एक पाळी) म्हटलं आणि त्या क्षणी कोर्टवर कोणते दहा जण धरले.

खाली एनबीएचे नियम धरले आहेत. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांनी चालणाऱ्या लीगसाठी जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

आधी दोन बेरजा

काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी प्रत्येक सामन्यासाठी या दोन बेरजा जुळतात का ते बघा.

पहिली मिनिटांची. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा आणि कोर्टवर पाच खेळाडू, म्हणजे संघाची एकूण मिनिटं २४०. प्रत्येक ओव्हरटाइमला २५ वाढवा: एक ओव्हरटाइम २६५, दोन २९०. फिबात सामना ४० मिनिटांचा, म्हणून २००. ओव्हरटाइम तिथेही ५ मिनिटांचाच असल्यामुळे वाढ २५ चीच. सेकंदांच्या पूर्णांकनामुळे एखाद मिनिट इकडेतिकडे चालेल. २३६ किंवा २५२ आलं तर लाइनअप (कोर्टवरच्या पाचांची नोंद) चुकली आहे, पुढे जाऊ नका.

दुसरी प्लस-मायनसची. संघातल्या सगळ्या खेळाडूंचा प्लस-मायनस मिळवला की सामन्याच्या फरकाच्या बरोबर पाचपट यायला हवा. ८ गुणांनी जिंकला तर +४०, ३ ने हरला तर −१५. इथे पूर्णांकनाची सबब नाही. एकाचाही फरक म्हणजे कुठेतरी कोर्टवर चार किंवा सहा जण मोजले गेलेत. ही बेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असं मात्र नाही. अ च्या जागी ब मोजला गेला तरी ती जुळतेच. म्हणून त्यानंतर प्रत्येक खेळाडूची मिनिटं बॉक्स स्कोअरशी ताडायची.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी एक खास खोडी इथेच आहे. ३४:३० असं टाकलं की एक्सेल त्याला ३४ मिनिटं ३० सेकंद न समजता ३४ तास ३० मिनिटं समजतो. चौकटीत दिसतं ठीकच. पण साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये बेरीज केली की २४ तासांनंतर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, आणि २४० तास म्हणजे बरोबर १० दिवस. त्यामुळे बेरीज अगदी अचूक असतानाच उत्तर ०:०० दिसतं! उपाय सोपा: शेजारच्या रकान्यात त्या चौकटीला २४ ने गुणा आणि फॉरमॅट साधा अंकांचा करा. ३४:३० चे ३४.५ होतात. पुढची सगळी गणितं या दशांश मिनिटांवरच करायची. आणि हाताने ३४.३० लिहिणारा कोणी गटात असेल तर त्याला आधी थांबवा. ती बारा सेकंदांची चूक दिसत नाही, पण साचत जाते.

पेस जास्त येतोय किंवा कमी येतोय

पेस म्हणजे ४८ मिनिटांमागे एका संघाची पझेशन. बॉक्स स्कोअरवरून अंदाज काढायचं सर्वांत साधं सूत्र असं:

पझेशन = मैदानी फटके + ०.४४ × फ्री थ्रो − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर

मैदानी फटके म्हणजे सगळे प्रयत्न, पडलेले आणि चुकलेले. आक्रमक रिबाउंड म्हणजे आपलाच चुकलेला फटका पुन्हा आपल्या हाती येणं, टर्नओव्हर म्हणजे फटका न मारताच चेंडू गमावणं. फ्री थ्रोही मारलेले सगळे, नुसते यशस्वी नाहीत. हे सांगावं लागतं, कारण यशस्वी फ्री थ्रोचा रकाना ओढला गेल्याची चूक सर्रास होते आणि ती पेस फक्त दोनेकने कमी करते, म्हणजे डोळ्यांत भरत नाही.

नमुन्याचे आकडे घेऊ. आपला संघ: फटके ८८, फ्री थ्रो २२, आक्रमक रिबाउंड १०, टर्नओव्हर १३. हिशेब ८८ + ९.६८ − १० + १३ = १००.६८. समोरचा संघ: ९०, १८, १२, १४, म्हणजे ९० + ७.९२ − १२ + १४ = ९९.९२. सरासरी १००.३. सामना ४८ मिनिटांत संपला असेल तर हाच पेस.

पण सामना एका ओव्हरटाइमला गेला असेल तर मिनिटं ५३. पेस = ४८ × १००.३ ÷ ५३ = ९०.८. शीटमध्ये ४८ हा आकडा थेट लिहून ठेवला असेल तर प्रत्येक ओव्हरटाइमचा सामना संघाला खोटा वेगवान ठरवतो. भाजकात नेहमी संघाची एकूण मिनिटं भागिले पाच हेच ठेवा, म्हणजे ओव्हरटाइम आपोआप सांभाळला जातो.

याच जातीची दुसरी चूक ४० आणि ४८ ची. फिबा नियमांच्या लीगमध्ये ४० मिनिटांत ७५ पझेशन खेळणारा संघ ४८ मिनिटांच्या मापात ९० वर येतो. दोन लीगची तुलना करताना किंवा परदेशातून आलेल्या खेळाडूचे जुने आकडे जोडताना एक माप ठरवून त्यावर सगळं आणा. डब्ल्यूएनबीएचा सामनाही ४० मिनिटांचाच आहे.

एवढं करूनही फरक एक-दोनचाच पण सातत्याने एकाच बाजूला राहत असेल, तर तुम्ही आणि ती साइट वेगवेगळं मोजताय. बास्केटबॉल-रेफरन्सचं सूत्र फ्री थ्रोला ०.४ ने गुणतं आणि आक्रमक रिबाउंड सरळ वजा करत नाही. ते आधी आक्रमक रिबाउंडचं प्रमाण काढतं (आपले आक्रमक ÷ आपले आक्रमक अधिक त्यांचे बचावात्मक), त्याला चुकलेल्या फटक्यांनी आणि १.०७ ने गुणतं आणि मग वजा करतं. वरच्याच सामन्यात आपले ४० फटके पडले आणि समोरच्यांचे बचावात्मक रिबाउंड ३६ असतील, तर १० ÷ ४६ × ४८ × १.०७ = ११.१७, आणि पझेशन ८८ + ८.८ − ११.१७ + १३ = ९८.६. साध्या सूत्राचं उत्तर १००.७ होतं. सामना एकच, दोघेही बरोबर, फरक दोनचा. एनबीएची अधिकृत साइट अंदाज न करता पझेशन मोजते, तिचा आकडा आणखी वेगळा असू शकतो. तेव्हा एका हंगामात एकच पद्धत, आणि लीगची सरासरीही त्याच पद्धतीने काढलेली. संघाचा पेस एका साइटवरून आणि लीगची सरासरी दुसरीकडून घेऊन "आपला संघ वेगवान झाला" म्हणणं हा या विषयातला सर्वांत फसवा निष्कर्ष आहे.

०.४४ मागचं कारण कळलं की तो कधी दगा देईल हेही कळतं. दोन फ्री थ्रोंपैकी शेवटचाच पझेशन संपवतो, म्हणजे ०.५. तीन मिळाले तर तीनांत एक. बास्केट पडून वर मिळालेला एक फ्री थ्रो काहीच संपवत नाही, कारण ते पझेशन फटक्यात आधीच मोजलं गेलं. टेक्निकलचा (शारीरिक संपर्काविना दिलेल्या फाउलचा) एक फ्री थ्रोही काही संपवत नाही. या सगळ्यांची सरासरी ०.५ च्या खाली येते. हंगामभरासाठी ती चांगली चालते, एका सामन्यासाठी नाही. चार टेक्निकल आणि दोन फ्लॅग्रंट (अनावश्यक धसमुसळे फाउल) झालेल्या तापट सामन्यात अंदाज वर सरकणारच.

बॉक्स स्कोअरमधल्या आणखी तीन फटी. संघाच्या नावावरचे टर्नओव्हर, म्हणजे शॉट क्लॉक संपणं, आठ सेकंदांत अर्धं मैदान न ओलांडणं, पाच सेकंदांत चेंडू आत न टाकणं, हे कोणत्याही खेळाडूच्या रकान्यात नसतात. खेळाडूंची बेरीज करून संघाचे टर्नओव्हर काढले तर पझेशन कमी पडतात. दुसरी फट रिबाउंडची. फटका अडवला गेला आणि चेंडू बाहेर जाऊन पुन्हा आपल्याकडेच आला, तर तो संघाचा आक्रमक रिबाउंड असतो, खेळाडूचा नाही, आणि तो वजा केला नाही तर पझेशन एकाने फुगतं. उलट, दोनपैकी पहिला फ्री थ्रो चुकला की प्ले-बाय-प्लेमध्ये (सामन्याच्या घटनावार नोंदीत) संघाच्या नावे जी रिबाउंडची ओळ येते ती नावापुरती असते. ती मोजलीत की पझेशन घटतं. तिसरी फट नवी आहे: २०२५-२६ पासून एनबीएत पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या ३ सेकंदांत, आपल्या बाजूच्या अर्ध्यातून सुरू झालेल्या चालीवर, ३६ फूट किंवा त्याहून लांबून भिरकावलेला आणि चुकलेला फटका संघाच्या नावावर जातो, खेळाडूच्या नाही. त्यामुळे खेळाडूंच्या फटक्यांची बेरीज संघाच्या फटक्यांएवढी येईलच असं आता नाही. संघाचे आकडे संघाच्या ओळीतूनच उचला.

मोजलेली पझेशनही जुळत नाहीत तेव्हा

प्ले-बाय-प्लेवरून पझेशन मोजणं हा खरा मार्ग, आणि इथे एक फुकटची तपासणी मिळते. पझेशन आलटून पालटून होतात, म्हणून कोणत्याही एका क्वार्टरमध्ये दोन संघांच्या पझेशनमध्ये एकापेक्षा जास्त फरक असूच शकत नाही. संपूर्ण सामन्यावर ही तपासणी लावली तर चुका एकमेकींना झाकतात, म्हणून क्वार्टरवार लावा. ज्या क्वार्टरमध्ये २७ विरुद्ध २४ दिसेल, तो उघडून ओळीओळीने वाचा.

बहुतेक वेळा सापडतात ते असे प्रसंग. बास्केट पडली, वर फाउल, फ्री थ्रो चुकला आणि रिबाउंड आपलाच: कोडने बास्केटवर पझेशन संपवलं आणि रिबाउंडवर नवं सुरू केलं. हे एकच पझेशन आहे. टेक्निकलचा फ्री थ्रो मध्येच आला: ज्याच्याकडे चेंडू होता त्याचं पझेशन तसंच चालू राहतं, फ्री थ्रो कोणीही मारो. फ्लॅग्रंट किंवा क्लिअर पाथ फाउल (बास्केटकडची मोकळी धाव तोडणारा): ज्यांच्यावर फाउल झाला त्यांना दोन फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच. शेवटचा फ्री थ्रो पडला म्हणून पझेशन संपवणारा साधा कोड इथे हमखास घसरतो. २०२२-२३ पासून वेगवान चढाई मुद्दाम फाउल करून तोडली तर एक फ्री थ्रो आणि चेंडू परत, तीही त्याच कुळातली. फिबात अनस्पोर्ट्समनलाइक फाउलला दोन फ्री थ्रो आणि चेंडू.

थोडक्यात, "शेवटचा फ्री थ्रो" हा नियम पुरेसा नाही. त्या फ्री थ्रोच्या आधीच्या फाउलचा प्रकार बघूनच पझेशन संपवायचं.

क्वार्टरच्या शेवटी काय धरायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण लिहून ठेवा. ०.८ सेकंद उरले असताना कोणी बचावात्मक रिबाउंड घेऊन उभा राहिला, तर त्याला पझेशन म्हणण्यात अर्थ नाही. व्यवहारात चालणारा नियम: २ सेकंद किंवा कमी वेळ असताना सुरू झालेलं आणि ज्यात फटका, फ्री थ्रो किंवा टर्नओव्हर काहीच नाही, ते मोजू नका. असे दर सामन्याला दोन-तीन निघाले तरी पेसमध्ये एकचा फरक पडतो.

क्वार्टरच्या सुरुवातीला चेंडू कोणाला हेही कोडला सांगून ठेवा: एनबीएत सुरुवातीची उडी हरलेला संघ दुसरा आणि तिसरा क्वार्टर सुरू करतो, जिंकलेला चौथा. फिबात चेंडूचा हक्क दाखवणारा बाण आळीपाळीने फिरतो, तेव्हा तिथे नोंदच बघावी लागते.

प्लस-मायनस चुकतोय: कोर्टवर कोण होतं?

हा भाग सर्वांत जास्त वेळ खातो, म्हणून सविस्तर.

प्ले-बाय-प्लेमध्ये बदलीची ओळ असते: अमुक बाहेर, तमुक आत. पण दोन क्वार्टरच्या मधल्या सुट्टीत झालेल्या बदल्यांची ओळ बहुतेक फीडमध्ये (साइटकडून मिळणाऱ्या डेटात) नसतेच. तिसरा क्वार्टर संपताना कोर्टवर असलेले पाच जण चौथ्यालाही असतील असं कोडने धरलं की बारा मिनिटांचा सगळा हिशेब भलत्याच खेळाडूंच्या नावावर. २४० ची बेरीज इथे जुळतेसुद्धा, म्हणून तर खेळाडूवार मिनिटं ताडायची.

क्वार्टरचे पहिले पाच ओळखायची नेहमीची रीत अशी: त्या क्वार्टरमध्ये ज्याच्या नावावर काहीही घडलं, आणि त्याआधी तो बदलीने आत आल्याची ओळ नाही, तो सुरुवातीपासून होता. बदलीने बाहेर गेला आणि आधी आत आलेला नाही, तोही सुरुवातीचाच. ही रीत दोन ठिकाणी फसते.

एक, बेंचवरचा टेक्निकल. बसलेल्या जागेवरून पंचाला बोलला, टेक्निकल मिळाला, नोंदीत नाव आलं, आणि कोडने त्याला पहिल्या पाचात घेतलं. आता तुमच्याकडे सहा जण आहेत. टेक्निकल, इजेक्शन आणि टाइमआउटच्या ओळी पहिल्या पाचांच्या शोधातून सरसकट वगळा.

दोन, शांत खेळाडू. क्वार्टरभर कोर्टवर असूनही ज्याच्या नावावर फटका नाही, रिबाउंड नाही, फाउल नाही, बदलीही नाही. आता चारच जण सापडतात. कोपऱ्यात उभा राहून जागा मोकळी करणारे नेमबाज आणि अंगावरचा बचाव करणारे विंग यांच्या बाबतीत हे जास्त घडतं, ओव्हरटाइमच्या पाच मिनिटांत तर फारच. उपाय: त्या क्वार्टरपुरता बॉक्स स्कोअर काढा आणि ज्याची पूर्ण १२ मिनिटं (ओव्हरटाइममध्ये ५) दिसतात पण यादीत नाव नाही, तो पाचवा.

पुढचा घोळ एकाच सेकंदावरच्या ओळींचा. घड्याळ थांबलेलं असताना फाउल, बदली, फ्री थ्रो, पुन्हा बदली असं सगळं ४:१२ वर नोंदलेलं असतं, आणि नोंदवणाऱ्याने ज्या क्रमाने बटणं दाबली तो क्रम खऱ्या क्रमाशी जुळेलच असं नाही. वेळेनुसार सॉर्ट करू नका. फीडमध्ये घटनेचा अनुक्रमांक असतो, त्यावर सॉर्ट करा. तरी रिबाउंडची ओळ चुकलेल्या फटक्याच्या आधी आलेली सापडेल. ती हाताने किंवा नियमाने फिरवावी लागते. घड्याळ उलटं चालतं, १२:०० पासून ०:०० कडे, हेही नव्या माणसाच्या कोडमध्ये एकदा तपासून घ्या.

आता फ्री थ्रो. समजा अ ने फाउल केला, लगेच त्याला बाहेर काढून ब ला आत घेतलं, आणि मग समोरच्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले. ते −२ कोणाचे? फ्री थ्रो पडताना कोर्टवर होता म्हणून ब चे, असा एक हिशेब. फाउल झाला तेव्हा अ होता म्हणून अ चे, असा दुसरा. परिणाम मोजायचा असेल तर दुसराच बरोबर, कारण ब ने त्या गुणांसाठी काहीच केलेलं नाही. पण बॉक्स स्कोअरशी ताडताना त्यांचा हिशेब तुमच्यासारखाच आहे हे गृहीत धरू नका. बदली खेळाडूचा आकडा एक, दोन किंवा तीनने वेगळा आणि संघाची बेरीज मात्र जुळलेली, तर बहुतेक वेळा कारण हेच. अशी तफावत चूक म्हणून न नोंदवता वेगळ्या रकान्यात ठेवा.

बदलीच्या ओळीत आत-बाहेरची बाजूही तपासा. एनबीएच्या जुन्या प्ले-बाय-प्ले फीडमध्ये घटना प्रकार ८ म्हणजे बदली, आणि त्यात पहिला खेळाडू बाहेर जाणारा, दुसरा आत येणारा. इतर फीडमध्ये आत आणि बाहेर यांच्या दोन स्वतंत्र ओळी असतात. फीड बदललं आणि कोड जुनाच राहिला की सगळंच उलटं होतं.

नावांवरून जोडणी करत असाल तर ती आजच बंद करा. योकिच किंवा डॉन्चिच यांच्या आडनावातली खुणेची अक्षरं एका फाइलमध्ये असतात, दुसरीत नसतात. ओक्लाहोमा सिटी थंडरमध्ये २०२२-२३ पासून जेलन विल्यम्स, जेलिन विल्यम्स आणि केनरिच विल्यम्स असे तिघे एकत्र आहेत. आडनावावर चालणाऱ्या शीटने तिथे काय केलं असेल ते सांगायला नको. खेळाडूचा क्रमांक वापरा. जर्सीचा नव्हे, डेटाबेसमधला.

हंगामाची बेरीज एका सामन्याने चुकते

एनबीएच्या सामना क्रमांकात सुरुवातीचे तीन अंक प्रकार सांगतात: ००१ सराव सामने, ००२ नियमित हंगाम, ००३ ऑल-स्टार, ००४ प्लेऑफ, ००५ प्ले-इन, ००६ एनबीए कपची अंतिम लढत. २०२३ पासून सुरू झालेल्या कपचे बाकी सामने नियमित हंगामात धरले जातात, अंतिम सामना धरला जात नाही. प्ले-इनचे आकडे ना नियमित हंगामात, ना प्लेऑफमध्ये. तारखांच्या मर्यादेने सामने ओढणाऱ्या शीटमध्ये हे घुसतात. क्रमांकाने गाळा.

संघ बदललेल्या खेळाडूचा "ऑफ" कुठून धरायचा हेही इथेच ठरवा. तो नव्या संघात येण्याआधीचे सामने धरायचे नाहीत, हे उघड. दुखापतीने बाहेर असलेले सामने धरायचे की नाही, यावर मात्र दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचे आकडे बरेच वेगळे येतात. आमचं मत: फक्त तो खेळलेल्या सामन्यांतली ऑफ मिनिटं घ्या. नाहीतर त्याच काळात जखमी असलेल्या इतरांचा भार याच्या आकड्यावर येतो.

निकाल लागून गेलेल्या मिनिटांचं काय? क्लीनिंग द ग्लास या आकडेवारीच्या साइटची व्याख्या वापरण्याजोगी आहे: चौथा क्वार्टर, १२ ते ९ मिनिटं उरली असताना फरक किमान २५, ९ ते ६ मध्ये किमान २०, त्यानंतर किमान १०, आणि शिवाय दोन्ही संघ मिळून पहिल्या पाचांतले दोन किंवा कमीच खेळाडू कोर्टवर. सामना पुन्हा या अटींबाहेर आला तर आधीची मिनिटं परत खरी धरायची. फक्त गुणफरकावर गाळणी लावली तर स्टार अजून खेळत असलेली मिनिटंही उडतात. गाळलेले आणि न गाळलेले असे दोन्ही आकडे ठेवा, कारण बहुतेक साइट काहीच गाळत नाहीत.

आकडा बरोबर, तरी दर आठवड्याला उड्या मारतो

आधी एक गणिती चूक काढून टाका: दरांची सरासरी. एका लाइनअपने एका सामन्यात ३ पझेशनमध्ये ६ गुण केले, दर २००. दुसऱ्यात १२ पझेशनमध्ये ९, दर ७५. सरासरी १३७.५ येते. खरं उत्तर १५ पझेशनमध्ये १५ गुण, म्हणजे १००. गुण आणि पझेशन आधी मिळवा, भागाकार शेवटी एकदाच.

यानंतरही आकडा उडत असेल तर तो बिघाड नाही, नमुना लहान आहे. एका पझेशनवरच्या गुणांचं प्रमाण विचलन साधारण १.२ असतं. त्यावरून दर १०० पझेशनच्या नेट रेटिंगची (आपले गुण वजा समोरच्यांचे) प्रमाण त्रुटी ढोबळमानाने १७० भागिले पझेशनच्या संख्येचं वर्गमूळ. ४०० पझेशनला ८.५, १००० ला ५.४, ४००० ला २.७.

आता दर सामन्याला ३६ मिनिटं, ७० सामने खेळणारा स्टार घ्या. पेस १०० धरला तर तो ऑन असताना सुमारे ५,२५० पझेशन, ऑफ असताना १,७५०. ऑनची त्रुटी २.३, ऑफची ४.१, दोन्हींच्या फरकाची जवळपास ४.७. म्हणजे पूर्ण हंगामाचा +९ ऑन-ऑफसुद्धा त्रुटीच्या दुपटीत बसतो, आणि त्यातला मोठा वाटा तो बसलेला असताना काय झालं याचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या आकड्यावरून वाद घालणाऱ्यांना हा एक परिच्छेद दाखवावा.

बचावातला गोंगाट बऱ्याच अंशी समोरच्यांच्या तीन गुणांच्या नशिबातून येतो. अमुक खेळाडू कोर्टवर असताना १,००० पझेशनमध्ये विरोधकांनी ४०० थ्री मारले, १६० पडले, म्हणजे ४० टक्के. लीगची सरासरी ३६ टक्के धरली तर १४४ पडायला हवे होते. जास्तीचे १६, म्हणजे ४८ गुण. पण चुकलेल्या थ्रीवर सुमारे पावपट वेळा आक्रमक रिबाउंड मिळून पुन्हा गुण होतातच, त्याचे चारेक गुण वजा करा. उरले ४४, म्हणजे दर १०० पझेशनला ४.४. इतका मोठा भाग, ज्यावर त्या एका खेळाडूचा ताबा जवळपास नाही. विरोधकांच्या फ्री थ्रोच्या टक्केवारीवर तर याहूनही कमी. दोन्ही सरासरीवर आणून दुसरा रकाना काढा आणि मगच बचावावर बोला.

पेस घटला म्हणजे आपण हळू झालो?

नाही. पेस दोन्ही संघांचा मिळून असतो. प्रत्येकी १०० पझेशन म्हणजे २,८८० सेकंदांत २००, सरासरी १४.४ सेकंद. हे सेकंद आपल्या आक्रमणाचे आणि त्यांच्या आक्रमणाचे वेगळे काढा. समोरचे प्रत्येक वेळी शॉट क्लॉक संपवत असतील तर पेस पडतो आणि आपला वेग तसाच असतो; चांगला बचाव करणाऱ्या संघाचं हे नेहमीचं लक्षण. मग आपले सेकंद सुरुवातीनुसार फोडा: बचावात्मक रिबाउंडनंतर, चोरीनंतर, त्यांची बास्केट पडल्यानंतर, थांबलेल्या चेंडूवर. प्रशिक्षकाला विचारायचं असतं ते साधारण पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल. आक्रमक रिबाउंड भरपूर घेणारा संघही पेसमध्ये हळू दिसतो, कारण त्याचं एकेक पझेशन लांबतं; म्हणून पहिल्या फटक्यापर्यंतचा वेळ वेगळा ठेवा. एनबीएत आक्रमक रिबाउंडनंतर शॉट क्लॉक १४ वर आणण्याचा नियम २०१८-१९ पासून आहे, तेव्हा त्याआधीच्या हंगामांशी पझेशनच्या लांबीची तुलना जपून.

परिणामाचे वेगवेगळे आकडे एकमेकांशी भांडतात

भांडणारच, खेळाडूचा परिणाम एका आकड्यात सांगणारी ही मापं वेगळी आहेत. पीईआरची सरासरी १५. पीआयई हा सामन्यातला वाटा, दहा जण कोर्टवर म्हणून सरासरी १० टक्के. बीपीएमची सरासरी ०, दर १०० पझेशनला. या तिन्हींचा आधार बॉक्स स्कोअर, त्यामुळे ज्याचा बचाव रिबाउंड-चोरी-ब्लॉकमध्ये उतरत नाही तो इथे कमीच दिसतो. तिन्हींची सरासरी काढून "एकूण गुण" बनवू नका.

आरएपीएम (सोबतच्या आणि समोरच्या खेळाडूंचा परिणाम रिज रिग्रेशनने वेगळा काढलेला प्लस-मायनस) स्वतः चालवणाऱ्यांना नेहमी अडतात त्या गोष्टी: प्रत्येक ओळीला पझेशनइतकं वजन दिलेलं नाही, आक्रमण आणि बचावाचे रकाने वेगळे केलेले नाहीत, किंवा बचावाचं चिन्ह उलटं आहे (सर्वोत्तम बचावपटू यादीच्या तळाला दिसले की समजा), घरच्या मैदानाचा रकाना नाही, अगदी कमी पझेशनवाल्यांना एका "इतर" गटात घातलेलं नाही. रिजचा दंड अंदाजाने न ठरवता क्रॉस-व्हॅलिडेशनने ठरवा. आणि नेहमी जोडीनेच खेळणारे दोन जण असतील तर रिज श्रेय दोघांत वाटून टाकतो. त्याला तोडगा कोडमध्ये नाही, ते दोघे वेगळे खेळलेली मिनिटं वाढली तरच सुटतं. एका हंगामाचा आरएपीएम एकट्याने वापरू नका, दोन-तीन हंगाम एकत्र घ्या.

साठवून काय ठेवायचं

प्रत्येक अखंड टप्प्याची, म्हणजे दोन बदल्यांमधल्या खेळाची, एक ओळ: सामना क्रमांक, क्वार्टर, सुरुवातीचं आणि शेवटचं घड्याळ, दहा खेळाडूंचे क्रमांक, दोन्ही संघांची पझेशन, गुण, थ्री आणि फ्री थ्रो मारलेले व पडलेले, सुरुवातीचा गुणफरक. पेस, ऑन-ऑफ, लाइनअप, आरएपीएम हे सगळं या एकाच तक्त्यातून निघतं, आणि व्याख्या बदलली तरी पुन्हा काढता येतं. फक्त तयार दर साठवणाऱ्यांना ती सोय राहत नाही.

लीग सामन्यानंतरही नोंदी दुरुस्त करते: रिबाउंड एकाचा दुसऱ्याच्या नावावर जातो, टर्नओव्हरचा धनी बदलतो. म्हणून रात्री ओढलेली फाइल काही दिवसांनी पुन्हा ओढा, जुनी पुसू नका, दोन्हींतला फरक काढा आणि बदललेल्या सामन्यांपुरतेच टप्पे नव्याने चालवा. २४० ची आणि पाचपटीची बेरीज त्या सामन्यांसाठी पुन्हा एकदा.